कामाला गाव पुरत नाही

लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूर मागं पडलं की एका फाट्यावर पत्र्याचं दुकान लागतं. दुकानावर पाटी आहे आणि त्या पाटीवर पेंटरला जागा पुरलेली नाही. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत मोटार रिवाइंडिंग. खाली स्टार्टर दुरुस्ती, घरची वायर फिटिंग, वेल्डिंग. आणि अगदी तळाला, कडेशी दाटीवाटीनं लिहिलेलं, बोअरमधली मोटार काढून मिळेल. दुकान उघडं असलं तरी मालक त्यात सापडेलच असं नाही. कधी तो कुणाच्या तरी शेतात कप्पी लावून पाइप ओढत असतो, कधी स्वतःच्या तीन एकरांत सोयाबीनवर फवारणी करत असतो, लग्नसराईत मांडवाची लाइट जोडत असतो. गावात त्याला नुसतं 'मिस्तरी' म्हणतात. कशाचा मिस्तरी, हे कुणी विचारत नाही.

मी विचारलं. एवढा हात बसलाय मोटारीवर, तर मग बाकीची कामं कशाला? तो हातातली वायर सोडवतच म्हणाला, "सर, निस्त्या मोटारीवर बसलो तर पावसाळ्याचे चार महिने काय खायचं? पावसाळ्यात कुणाची मोटार जळते का?"

या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा तालुके. मला ते सगळे फिरता आले नाहीत, पण जिथं गेलो तिथं कामाची माणसं शोधत गेलो. सुतार, लोहार, गवंडी, मोटार भरणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया, सालगडी, ट्रॅक्टरवाले. वहीत मी रकाने आखून नेले होते: गाव, वय, शिक्षण, धंदा. पहिल्याच आठवड्यात कळलं की 'धंदा' या रकान्याची रुंदी चुकली आहे. वही आडवी धरून लिहावं लागलं. पुढच्या प्रकरणांत त्या माणसांची कामं त्यांच्याच तोंडून आली आहेत. त्याआधी ज्या प्रश्नाभोवती ती उभी आहेत तो प्रश्न थोडा सविस्तर मांडतो: खेड्यात माणसानं एकच काम धरून त्यात खोल जावं, की हाताला येईल तेवढी कामं शिकावीत?

आपली भाषा या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलते. 'एक ना धड भाराभर चिंध्या' असं म्हणून ती दहा कामं करणाऱ्याला खाली बसवते, आणि त्याच माणसाला 'हरहुन्नरी' म्हणून डोक्यावरही घेते. हुन्नर हा शब्द फारसीतून आलेला. निजामाच्या राजवटीतून आलेल्या या भागात तो अजून जिभेवर ताजा आहे, आणि नांदेडच्या बाजारात 'हरफनमौला'ही सहज ऐकू येतं. घरात मात्र, विशेषतः मुलाच्या शिक्षणाचा विषय निघाला की, चिंध्यांचीच म्हण पुढं येते. बापाला दहा कामं येतात म्हणून घर चाललेलं असतं, आणि तोच बाप मुलाला सांगतो, बाबा, एक काहीतरी नीट धर.

या दोन्ही बोलण्यांमागं एक साधा हिशेब आहे. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. दहा माणसं काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० टाचण्या पाडतात. श्रमविभागणीचं नाव निघालं की ही टाचणी हमखास सांगितली जाते. त्याच ग्रंथात थोडं पुढं तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जातो, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथल्या एकाकी वस्त्यांत शेतकऱ्याला स्वतःच खाटीक, स्वतःच पाववाला आणि स्वतःच मद्य गाळणारा व्हावं लागतं, असं तो लिहितो. दिवसाला हजार खिळे करणारा कारागीर तिथं नेऊन बसवला, तर वर्षभरात त्याचा एका दिवसाचा मालसुद्धा खपायचा नाही. म्हणजे काम किती बारीक वाटता येईल हे बाजार केवढा आहे त्यावर ठरतं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात वर्षाला किती दारं बसतात, किती मोटारी जळतात, किती भिंती उठतात? एका माणसाचं वर्ष भरेल एवढी नक्कीच नाही. कामाला गाव पुरत नाही.

ज्याच्या कामाला गाव पुरत नाही त्याला तीन वाटा असतात. कामामागं गावोगाव फिरायचं, त्याच गावात राहून दुसरं-तिसरं काम शिकायचं, किंवा मोठ्या बाजाराकडं निघून जायचं. मराठवाड्यातल्या कारागिरांचा इतिहास मला या तीन वाटांचाच इतिहास वाटतो. पण त्यांच्या आधी इथं चौथा एक मार्ग होता, आणि त्याचं मोल फार भयंकर होतं.

तो मार्ग म्हणजे बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ मध्ये आला. तेव्हापासून बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार हे शब्द आपण अभ्यासाचे म्हणून वापरतो, आणि पुष्कळदा त्यांच्याकडं हळव्या नजरेनं पाहतो. गाव कसं स्वयंपूर्ण होतं, प्रत्येकाला कसं काम होतं. व्यवहाराच्या नजरेनं पाहिलं तर बलुतं म्हणजे लहान बाजारात तज्ज्ञ माणूस टिकवून धरायची युक्ती. सुताराला कामागणिक पैसे दिले तर तो उपाशी राहील आणि गाव सोडून जाईल. म्हणून सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा द्यायचा, मग वर्षभरात औत एकदा मोडो की दहादा. सुतार सुतारच राहील आणि गावातच राहील.

आणि त्याचा मुलगाही सुतारच राहील. इथंच ती युक्ती माणसाला खाते. कामाची वाटणी जन्माला बांधली गेली. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. एकाच कामात खोल जाण्याचं कौतुक करताना हे विसरता येत नाही. सुताराच्या मुलाला रंध्याची ओढ आहे की पुस्तकाची, हे गावगाड्यानं कधी विचारलं नाही.

त्याच गावगाड्यात बहुकौशल्याचंही एक रूप होतं आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. महार-मांगांकडं कामं किती होती बघा. वेशीवर राखण, सरकारी निरोप पोचवणं, शिवारातल्या हद्दीची माहिती, मेलेलं ढोर ओढणं, लाकूड फोडणं, दोर वळणं, केरसुण्या बांधणं, मयताची खबर घेऊन परगावी जाणं. गावाच्या शिवेवरचा दगड कुठं आहे हे ज्याला ठाऊक असायचं त्याच्यासारखा जाणकार दुसरा कोण? तरी त्याला कुणी जाणकार म्हटलं नाही. 'पडेल ते काम' एवढंच त्याच्या कामाचं नाव. एकाची अनेक कामं हुन्नर ठरतात आणि दुसऱ्याची अनेक कामं वेठ ठरतात. फरक कौशल्यात नसतो. काम नाकारायची मुभा कुणाला होती आणि मोल ठरवायची मुभा कुणाला होती, त्यात तो असतो. सालगड्याचंही तेच. पाडव्याला साल ठरतं आणि पुढचा पाडवा येईपर्यंत त्याला पेरणी, पाणी, धार, बैलांचं दुखणंखुपणं, मोटार, फवारा, राखण सगळं यावं लागतं. एवढ्या गोष्टी येणाऱ्या माणसाला अकुशल मजूर म्हणायची आपली पद्धत मला या कामात फिरताना दरवेळी टोचत राहिली.

बलुतं सुटलं. सुटलं ते बरंच झालं, पण त्याच काळात कामंही बदलली, आणि जो हात पिढ्यान्‌पिढ्या बसला होता त्याला कामच उरलं नाही. तिफणीचं उदाहरण घेतो, कारण या पुस्तकातल्या चार सुतारांनी आपण होऊन तिचाच विषय काढला. बाभळीच्या लाकडाची तिफण सुतार करायचा ती काही नुसती तीन फणांची चौकट नव्हे. फण किती कलता धरायचा हे जमिनीवर ठरायचं. काळ्या भारी रानाला वेगळा, हलक्या बरड रानाला वेगळा. कुणाचे बैल उंच, कुणाचे ठेंगणे, त्यावर दांडीचा अंदाज. सुताराला गावातली रानं आणि बैल दोन्ही पाठ असायचे. वर चाडं, आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई. बी मुठीतून सारखं सुटलं पाहिजे, कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. मागून सरत्यानं तुरीची ओळ टाकणारी दुसरी बाई. एका पेरणीत किती जणांचा किती बारीक हात होता! मग लोखंडी तिफण आली, ट्रॅक्टरमागची पेरणी यंत्रं आली, रानात ज्वारी, मूग, उडीद मागं सरून सोयाबीन पसरलं. गावातल्या सुताराला सगळ्या शिवाराचा चढउतार माहीत होता, ती माहिती विकायला गिऱ्हाईक राहिलं नाही.

काय केलं मग सुतारांनी? जो दारं-खिडक्यांकडं वळला तो काही वर्षं तगला. मग लोखंडी चौकटी आल्या, प्लायवूड आलं, सनमायका आला, पुढं ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. दरवेळी नवं शिकायचं, आणि शिकवायला कुणी नाही. लोहारांचं तुलनेनं बरं गेलं. भात्यावरून वेल्डिंगवर यायला त्यांना फार अंतर पडलं नाही, कारण लोखंड ओळखीचं होतं. कुठल्या रंगाला आलं की ठोकायचं, फाळाला पाणी कसं द्यायचं, हे ज्याला कळतं त्याला ट्रॉलीचा सांधा कुठं तुटेल तेही कळतं. इथं मला पहिल्यांदा जाणवलं की अनेक कामं शिकणारे सगळे सारखे नसतात. ज्यांचा एक हात आधी पक्का बसलेला असतो ते दुसरं काम त्या पक्क्या हातावरून शिकतात. ज्यांचा कुठलाच हात बसलेला नसतो त्यांना प्रत्येक काम पहिल्यापासून आणि वरवर शिकावं लागतं. म्हणीतल्या चिंध्या होतात त्या त्यांच्या.

वरवरच्या कामाची किंमत काय असते, हे लातूरला कुणी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं भूकंपात काही क्षणांत बसली. सरकारी मोजदादीतच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्याहून मोठे आकडेही सांगितले जातात. ज्या घरांनी माणसं गाडली त्या घरांच्या भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-दोन फुटांहून जाड. वर लाकडी खांब-तुळयांवर मातीचं माळवद, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं चढवलेले मातीचे थर. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण आत तिचे दोन पदर होते, मधली जागा चिपा आणि मातीनं भरलेली. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. धरणी हलली तसे पदर सुटले. काही घरांत खांबांचे खण उभेच राहिले आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या.

औसा तालुक्यातल्या जुन्या माणसांशी मी यावर बोललो. एक आजोबा म्हणाले, आरपार दगड घालायचा तर तो लांब घडवावा लागतो, त्याला घडवणारा हात लागतो, दिवस लागतात, पैसा लागतो. मग ज्याला जशी जमली तशी त्यानं भिंत रचली. मी त्या गावच्या भिंती रचणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यापैकी कितीतरी त्याच भिंतींखाली गेले. पण गावाला सगळी कामं थोडी थोडी येणारी माणसं चालतात, असं कुणी सहज बोलून गेलं की मला त्या भिंतीचे दोन पदर आठवतात. काही कामांत थोडं येणं म्हणजे न येणंच असतं. भिंत, वीज, विहिरीचं खोदकाम, बाळंतपण.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागेवर वसवली गेली, आणि बाकीच्या गावांत लाखावर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. या कामानं इथल्या माणसांना काय शिकवलं, हा या पुस्तकातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग आहे. कोपरे कसे बांधायचे, सळई कुठं वळवायची, जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून त्यात सळईसकट काँक्रीट कसं भरायचं, हे गावातल्या पोरांनी हातानं केलं. महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. घराचा नकाशा वाचायला, सिमेंट-वाळूचं प्रमाण बघायला, गुत्तेदाराला हटकायला त्या शिकल्या. पुढं त्या पोरांपैकी बरेच जण पुण्याला, हैदराबादला मिस्त्री म्हणून गेले. तिसरी वाट ती हीच. पुण्यात फरशी बसवणारा वर्षभर फक्त फरशीच बसवतो. त्याचा हात इतका साफ होतो की गावाकडं सुट्टीला आला की सोप्यातली वाकडी लादी त्याला बघवत नाही. शहर एवढं मोठं असतं की एका कामाला पुरून उरतं. पण मृगाच्या तोंडावर तोच माणूस गावी येतो, पेरणी करतो, आणि परत जाताना शेजाऱ्याच्या घरची नळजोडणी करून जातो. गावात पाऊल पडलं की त्याचा एकच धंदा उरत नाही.

फिरण्याची जी पहिली वाट, तिच्यावरचे लोक बघायचे तर लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात जावं. खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी गुरं आणि सगळ्या महाराष्ट्रातून, शेजारच्या राज्यांतून आलेली भटकी माणसं. पालावर घिसाड्याचा भाता पेटलेला असतो. सांडशीत लोखंड धरून पुरुष बसलेला, आणि घण घालणारी त्याची बायको, कधी पोटुशीसुद्धा. वैदू, वडार, कल्हईवाले. या सगळ्यांकडं एकेकच काम, पण ते असं की जे कुणा एका गावात मावणार नाही. म्हणून त्यांनी बाजार आपल्याकडं यायची वाट पाहिली नाही, ते बाजाराकडं चालत गेले. स्मिथच्या डोंगराळ मुलखातल्या खिळेवाल्याला गाढव असतं तर त्यानंही हेच केलं असतं. आपण मात्र शतकानुशतकं त्यांना 'ठिकाण नसलेले' म्हणून संशयानं पाहिलं. एका जागी राहून दहा कामं करणारा प्रतिष्ठित, आणि दहा गावं फिरून एक काम चोख करणारा उपरा. हा हिशेब कुणी लावला?

त्या घण घालणाऱ्या बाईपाशी थांबायला हवं. धंदा घिसाड्याचा, नाव त्याचं, घण तिचा. पहिल्या काही दिवसांत मी घरोघरी बायकांना विचारलं, तुम्ही काय करता? जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, "काय नाही, घरीच असते." मग मी विचारायची रीत बदलली. काल उठल्यापासून काय काय केलं, एवढंच विचारायला लागलो. मुखेड तालुक्यातल्या एका मावशींनी सांगता सांगता मला दोन पानं भरायला लावली. शेणसारवण, दोन म्हशींची धार, खुरपणी, शेजारणीच्या सुनेच्या अंगाला तेल, गोधडीचे टाके, बियाण्याच्या वाटाण्याला राख चोळून मडक्यात भरणं, बचतगटाची वही. वर म्हणाल्या, "ह्येला काय काम म्हंतेत का, भाऊ?" बहुकौशल्याची चर्चा खेड्यात कुठून सुरू करावी असं मला कुणी विचारलं तर मी या घरातून सुरू करायला सांगेन. बायकांसाठी कुठलीही योजना निघाली की एक शिलाई मशीन येतं. शिवणकाम वाईट नाही. पण गावात वीस मशिनी आणि झंपर शिवून घेणाऱ्या तेवढ्याच, मग पुन्हा तेच, कामाला गाव पुरत नाही. चाड्यावर मूठ धरणारी, बियाणं राखणारी, ढोराचं बाळंतपण करणारी बाई आपल्याकडं होतीच. तिच्या त्या कामांना कुणी नाव दिलं नाही, दर दिला नाही.

शिक्षणानं या प्रश्नाचं काय केलं? आयटीआयनं एका मुलाला एक ट्रेड दिला. फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर. ही रचना कारखान्यासाठी केलेली, आणि कारखान्यासाठी ती बरोबरच आहे. लातूरनं दुसरं टोक गाठलं. इथला 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. खेड्यापाड्यांतली मुलं खोल्या करून इथं राहतात, दोन-तीन वर्षं एका परीक्षेशिवाय दुसरं काही बघत नाहीत, आणि त्यांतून हजारो डॉक्टर-इंजिनिअर झाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एक डॉक्टर होणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं आहे, त्याला मी उणं म्हणणार नाही. पण ज्यांचा त्या परीक्षेत नंबर लागत नाही, आणि तेच जास्त असतात, ती मुलं गावी परततात तेव्हा त्यांच्या हातात ते एकही काम नसतं जे त्यांच्या बापाला येतं. बापानं दहा कामं करून जे पैसे पाठवले त्यांतून मुलाचे हात रिकामे करून घेतले, असं होतं ते.

याच्या उलट दिशेनं गेलेला एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला, आणि या पुस्तकाचा विचार त्यांच्या कामाशिवाय पुरा होत नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग. इलिनॉय विद्यापीठाची खाद्यतंत्रज्ञानातली डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी. म्हणजे विशेषज्ञतेची शिडी पार वरपर्यंत चढलेला माणूस. ती सोडून १९८३ मध्ये ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना एका वर्षात चार क्षेत्रांतलं काम शिकवायचं: वेल्डिंग-बांधकामासारखी अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलांनी शिकता शिकता गावाला खरी सेवा द्यायची, खरे पैसे घ्यायचे. पुढं हेच 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' म्हणून माध्यमिक शाळांत गेलं. आज राज्यातल्या काही शाळांत नववी-दहावीला बहुकौशल्याचा विषय घेता येतो त्याचं मूळ तिथं आहे. गांधीजींच्या नई तालीमनं १९३७ मध्ये वर्ध्यात हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, पण त्यात साधारणपणे एक मूलोद्योग मध्यावर असायचा. कलबागांनी एक सोडून अनेक घेतले, आणि माझ्या समजुतीप्रमाणं त्याचं कारण खेड्याचा बाजार हेच होतं. २००३ मध्ये ते गेले. पाबळचं काम चालू आहे.

मला पाबळच्या पद्धतीत सगळ्यात पटतं ते हे, की ती मुलाला हजार गोष्टींची नुसती तोंडओळख करून देऊन थांबत नाही. त्याच्याकडून वस्तू करून घेते आणि ती वस्तू दुसऱ्यानं वापरायची असते. वापरणारा माणूस समोर असला की काम वरवर राहत नाही. एवढं झाल्यावर त्या मुलानं चारांतलं एक धरावं आणि त्यात बुडावं, असं मी म्हणेन. वर लोहारांचं सांगितलं त्यावरून.

सरकारी कागद मात्र अजून एकाच धंद्याची भाषा बोलतो. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे योगायोगानं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. हत्यारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, पाच टक्क्यांनी आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज. कारागिराला हे मिळालंच पाहिजे. पण यादी अठरा धंद्यांची आहे आणि ती वाचताना मला अठरा अलुतेदारांची आठवण झाली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गवंडी, माळी, शिंपी... मोटार भरणारा त्यात नाही. ट्रॉली जोडणारा वेल्डर त्यात नाही. गावाचं पाणी ज्याच्या बोटांवर चालतं तो यादीबाहेर.

एक काम की अनेक, हा प्रश्न गुरांतही आहे. उदगीर-देवणीच्या पट्ट्यात देवणी गुरांचे कळप आहेत. गाय दूध देते, गोऱ्हा औताला चालतो, म्हणून तिला दुहेरी कामाची जात म्हणतात. तिथले जुने गुराखी वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिचे तीन प्रकार लांबून ओळखतात. संकरित गाय बादलीभर दूध देते, पण तिचा गोऱ्हा जुवाला टिकत नाही आणि उन्हात तिला दमही लागतो. शेतकऱ्यानं कुठली पाळावी, याचं उत्तर त्याच्याकडं चारा किती, पाणी किती आणि दूध संकलनाची गाडी दारात येते का यावर असतं. गुरांच्या बाबतीत हे आपण समजून घेतो.

आता हे पुस्तक कसं केलं ते सांगून थांबतो. माणसांची नावं मी दिलेली नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मोकळेपणानं दर सांगितले, बुडालेली उधारी सांगितली, आणि ते गावात उघड व्हावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती. बोली जशी ऐकली तशी ठेवली आहे. प्रकरणांना धंद्यांची नावं द्यायची असं आधी ठरवलं होतं, ते जमलं नाही. मग एकेका माणसाचं एकेक वर्ष घेतलं, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, कुठल्या महिन्यात त्यानं कोणतं काम केलं ते.

पहिलं प्रकरण फाट्यावरच्या त्या मिस्तरीचं आहे. मी शेवटचा गेलो तेव्हा त्याचा मुलगा दहावी झाला होता आणि आयटीआयचा अर्ज भरायचा होता. दुकानात बाकड्यावर बोअरची जळकी मोटार उघडून ठेवलेली, काळ्या पडलेल्या वेटोळ्यांचा वास पसरलेला. मुलानं विचारलं, "पप्पा, ट्रेड कोणता टाकू?" मिस्तरी वर न बघताच म्हणाला, "कागदाला वायरमन टाक. बाकीचं रविवारी हितं येऊन बस." मग त्यानं ती मोटार त्याच्याकडं सरकवली. जुनी वायर कापून टाकायच्या आधी एका खाचेत किती वेढे होते ते मोजून लिहून ठेवावं लागतं. तो आकडा चुकला तर नवी भरलेली मोटार आठवड्यात पुन्हा जळते. पोरगं पेन शोधून खाली बसलं आणि मोजायला लागलं. सत्तेचाळीसपर्यंत आलं, चुकलं, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.